बसमावशींनी रिव्हर्स घेतला

आमच्या इमारतीला लिफ्ट नाही. जागा घेताना ही गोष्ट कुणाच्या फारशी ध्यानात येत नाही. गुडघे बोलायला लागले की येते.

माझ्या डोक्यावर, म्हणजे तिसऱ्या मजल्यावर, बसमावशी आणि काका राहायचे. मावशी शाळेची बस चालवतात. पोरं त्यांना बसमावशी म्हणायला लागली, मग पोरांचे आईबाप म्हणायला लागले, आणि आता त्यांचं खरं नाव टपालवाल्यालाही आठवत नाही. बांधा ठेंगणा, पण आवाज असा की इंजिन बंद असलं तरी रांग सरळ होते. काका वीज कंपनीत लाइनमन होते. उभा जन्म खांबांवर चढण्यात गेला आणि एक ओरखडासुद्धा आला नाही. पडले कुठे, तर घरातल्या मोरीत. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, हाड जुळलं, काठी घेऊन घरात हिंडता येऊ लागलं; पण जिना सुटला तो सुटलाच. दोन वर्षांत काका खाली उतरले ते फक्त दवाखान्यासाठी, तेही खुर्चीत बसवून, चौघांनी उचलून.

"माझी हौस जिवंतपणीच फिटली बघा," ते आम्हाला म्हणायचे, "चार खांदे लागले."

आम्ही हसायचो. मावशी हसायच्या नाहीत. एका रविवारी त्यांनी जाहीर केलं, "हे घर विकायचं आणि तळमजल्यावर जायचं."

"घर म्हणजे काय बस आहे तुझी?" काका म्हणाले. "ही डेपोत लावली, ती बाहेर काढली?"

"तुम्ही गप्प बसा हो. घर पाहावं बांधून म्हणतात ना, आपण विकून पाहू."

मग आला एजंट. गोरागोमटा, सदा घाईत, दोन फोन, आणि तोंडात एकच वाक्य: "झालंच समजा!" मावशींनी भाव सांगितला, तो म्हणाला, झालंच समजा. मावशींनी विचारलं, जिन्यामुळे गिऱ्हाईक बिचकेल का? तो म्हणाला, झालंच समजा. तेव्हापासून त्याचं नाव आमच्याकडे तेच पडलं.

पण सुरुवात खरोखरच झकास झाली. पहिल्याच महिन्यात गिऱ्हाईक आलं. एक तरुण जोडपं. ती मातीची भांडी घडवायची, नवरा बेकरीत पहाटेच्या पाळीला. तिने स्वयंपाकघर बघितलंच नाही. सरळ मागच्या गच्चीवर गेली, दोन्ही हात पसरून एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत चालली आणि नवऱ्याला म्हणाली, "इथे चाक, इथे भट्टी, आणि इथे वाळवण." नवरा दारातल्या खुर्चीवर बसल्या बसल्या डुलक्या काढत होता. त्याने डोळे न उघडता मान हलवली. व्यवहार ठरला. टोकन दिलं, हात मिळवले.

तळमजलाही मिळाला. सहा-सात गल्ल्या पलीकडे. दोन खोल्या, दाराशी एकच पायरी, आणि रस्त्याकडे उघडणारी मोठी खिडकी. मालकीण एक निवृत्त नर्स. तिला सगळे सिस्टरच म्हणायचे. एकटी बाई. तिला उंचावर जायचं होतं, कारण तळमजल्यावर तिला निवृत्त होऊच देत नव्हते. येणारा-जाणारा खिडकीतून हात आत घालून विचारायचा, "सिस्टर, हे बघा हो, सूज आलीये." तिने लिफ्टवाल्या इमारतीत पाचव्या मजल्यावर एक लहानसं घर बघून ठेवलं होतं, दुसऱ्या कुठल्या तरी एजंटामार्फत. तिचंही टोकन देऊन झालं होतं.

मावशींनी घर बघितलं तेव्हा सिस्टरशी जेमतेम चार वाक्यं झाली. पाचवं होण्याआधी झालंचसमजाने मावशींना बाहेर काढलं. "थेट बोलायचं नाही हं. मालक-मालक बोलले की बनलेलं काम बिघडतं. काय असेल ते मला सांगा."

आणि इथे गाडी बंद पडली.

मातीवाली आणि तिचा नवरा म्हणे, आमची सध्याची जागा विकून पैसे आले की तुमचे देतो. बँकेचं कर्ज मंजूर आहे, पण ते फक्त वर कमी पडणाऱ्या रकमेचं. सिस्टर म्हणे, मी जिथे जाणार ती माणसं हलत नाहीत, ती हलली की मी हलते. मावशी तर हलणार कुठे? पाय न चालणाऱ्या माणसाला घेऊन मधल्या मध्ये कुठे राहायचं? प्रत्येक जण पुढच्याकडे बोट दाखवायचा, आणि झालंचसमजा दर शनिवारी फोन करून सांगायचा, "पुढची पार्टी अडली आहे. या आठवड्यात सुटते. झालंच समजा."

मावशींनी उत्साहाच्या भरात खोकी भरून ठेवली होती. मग त्या खोक्यांतून रोज एक वस्तू बाहेर यायला लागली. आधी किसणी, मग इस्त्री, मग थंडी पडली तशी पांघरुणं. काकांचे बाहेर जायचे बूट तेवढे तळाशी राहिले. जो येईल तो विचारायचा, "काय, कधी निघताय?" शेवटी मावशी जिन्यात आम्हाला टाळायला लागल्या. बसचा हॉर्न मात्र जरा जास्तच वाजू लागला होता.

एकदा मी वर गेले तर काका पलंगावर बसून खिडकीतून वायरी बघत होते. म्हणाले, "तिला सांग गं तू. राहू दे म्हणावं. मी काय, इथेही बराच आहे." मी काही मावशींना सांगितलं नाही. पण त्या स्वयंपाकघरातच होत्या, भिंत पातळ होती.

दोन दिवसांनी झालंचसमजाचा फोन आला, आणि या वेळी त्याने त्याचं वाक्य म्हटलं नाही. जोडप्याच्या कर्जाची मंजुरी महिनाअखेर संपत होती. ती संपली की सगळं पुन्हा पहिल्यापासून, तेही बँकेची मर्जी असली तर.

"म्हणजे मोडलं?" मावशींनी विचारलं.

"मोडलं असं नाही म्हणता येणार," तो म्हणाला. "पण दुसरं गिऱ्हाईक बघायला लागू या का?"

त्या दिवशी शाळा सुटल्यावर शेवटचं पोर घरी सोडून मावशींनी बस डेपोकडे वळवली नाही. ती सरळ सिस्टरच्या खिडकीसमोर नेऊन उभी केली. रिकामी पिवळी बस, इंजिन चालू. सिस्टरने खिडकीतून बघितलं आणि तिला वाटलं, आता शाळेचीसुद्धा सूज दाखवायला आले.

"मी तुमचं घर घेणारी," मावशी म्हणाल्या. "थेट बोलायचं नाही असं सांगितलंय. पण मी थेटच आले."

"या," सिस्टर म्हणाली. "मलाही तेच सांगितलंय."

चहा झाला, आणि मग सिस्टर जी सुटली ती सुटलीच. मावशींना वाटलं होतं, बाई आढेवेढे घेतेय. पण बाई त्यांच्यापेक्षा चिडलेली होती. "अहो, मी कधीची बॅगा बांधून बसलेय! ती माणसंच उठत नाहीत. दर वेळी एकच, आमचं नवं घर रिकामं झालं की निघतो. कसलं नवं घर आणि कसलं काय! मला तर वाटतं असं घरच नाहीये. थापा मारतात. आणि घराची अवस्था तर बघवत नाही. एक खोली, आणि त्यात सगळीकडे माती! पलंगाखाली माती, टेबलावर माती. ती पोरगी भांडी घडवते म्हणे. आणि नवरा? मी दोनदा गेले, दोन्ही वेळा बसल्या बसल्या झोपलेला."

मावशींनी कप खाली ठेवला.

"नवरा बेकरीत आहे?"

"हो. तुम्हाला कसं माहीत?"

 मावशींना हसू फुटलं, आणि ते असं की डोळ्यांतून पाणी यायला लागलं. सिस्टरने जुन्या सवयीने त्यांची नाडी धरली.

"अहो सिस्टर, त्यांचं नवं घर म्हणजे माझं घर! ते माझ्यासाठी थांबलेत, मी तुमच्यासाठी थांबलेय, आणि तुम्ही त्यांच्यासाठी!"

सिस्टरने मनातल्या मनात एक फेरी मारली. मग दुसरी मारली. "म्हणजे आपल्या पुढे कुणीच अडलेलं नाही?"

"कुणीही नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा! आपणच एकमेकींना अडवून बसलोय."

पुढच्याच संध्याकाळी तिन्ही घरं मावशींकडे जमली. काकांना खाली नेता येत नव्हतं म्हणून सभा वर. सिस्टर दर मजल्याला थांबत, धापा टाकत आली आणि दारातच म्हणाली, "तुमच्या नवऱ्याचं सोडा, आता मलाच कुणी तरी उचलून खाली न्यावं लागेल." मातीवालीला सगळं सांगितल्यावर ती नवऱ्याच्या पाठीत धपाटा घालत म्हणाली, "ऐकलंस का? ऐकलंस का?" तो खडबडून जागा झाला. झालंचसमजालाही बोलावलं होतं. त्याला खरोखरच ठाऊक नव्हतं. सिस्टरच्या खरेदीचा एजंट वेगळा, आणि एजंट एकमेकांना पत्ते सांगत नाहीत. तो कपाळावर हात मारून बसला. मग त्याचा चेहरा उजळला. "म्हणजे मग तर झालंच..."

"समजू नका," मावशी म्हणाल्या. "करा."

पण लगेच दुसरी गाठ पडली. आधी सही कोणाची? सिस्टर म्हणाली, पाचव्या मजल्याची चावी हातात आल्याशिवाय मी माझं घर लिहून देणार नाही. तिच्या चुलत बहिणीने पैसे मोजले होते आणि विकणारा पुढे वर्षभर हललाच नव्हता. जोडपं म्हणालं, आमची एवढीशी खोली, ती आधी दिली आणि पुढे काही फिसकटलं तर आम्ही भट्टीत झोपायचं का? सगळ्यांचं म्हणणं रास्त होतं. आणि सगळे पुन्हा एकमेकांच्या तोंडाकडे बघत होते.

मावशी म्हणाल्या, "अरुंद गल्लीत दोन गाड्या समोरासमोर आल्या की कोणाला तरी रिव्हर्स घ्यावाच लागतो. मी घेते. पहिली सही माझी."

"रिव्हर्स घ्यायला मागे रस्ता तरी हवा ना!" काका पलंगावरून म्हणाले. ते थट्टा करत नव्हते. "तू सही केलीस आणि यांनी नाही केली, तर आपण कुठे?"

"तर आपण बसमध्ये," मावशी म्हणाल्या. "पण दोन वर्षं तुम्ही खिडकीतून वायरी मोजताय. मला आता थांबायचं नाहीये."

 मातीवालीने मावशींचा हात धरला. तिच्या नखांत माती होती.

शाळेला सुट्ट्या लागल्या होत्या. सीट फाटता कामा नये या अटीवर शाळेने बस दिली. महिना संपायला एकच दिवस उरला असताना तिन्ही घरांचं सामान सकाळीच रस्त्यावर आलं. आमच्या दारात बस, सिस्टरच्या दारात टेंपो, आणि मातीवालीच्या मडक्यांसाठी बेकरीची पावाची गाडी. बेकरीतले सगळे मदतीला आले होते. पिठाची पोती उचलणारे हात, कपाटं अशी उतरवली की जणू रिकामी होती. घराच्या तिघी, जोडीला बेकरीवाला आणि झालंचसमजा, नोंदणी कार्यालयात गेले. मी इथे सामानावर लक्ष ठेवून. काका वर, रिकाम्या खोलीत, एका स्टुलावर.

तिथे काय झालं ते मला नंतर कळलं. आधी मावशींचा नंबर लागला. अंगठा, फोटो, सही. कारकून म्हणाला, झालं तुमचं. तिसऱ्या मजल्यावरचं घर मातीवालीचं झालं. मग सिस्टर खुर्चीत बसली, चष्मा लावला, आणि समोरचा पडदा काळा झाला. सिस्टीम बंद. अर्धा तास थांबले, तास थांबले. कारकून पाणी प्यायला, मग त्याने खांदे उडवले. "आज काही येत नाही ती. उद्या सकाळी या."

म्हणजे मावशी बिनघराच्या झाल्या. कागदावर तरी.

पाचही जण परत आमच्या गल्लीत आले.  मावशी थेट बसपाशी गेल्या आणि उगाच चाकं बघायला लागल्या. झालंचसमजा हलक्या आवाजात म्हणाला, "आज सामान परत वर चढवू या. उद्या कागद झाले की मग... म्हणजे नियमाने तेच बरोबर."

तेवढ्यात जिन्यातून काठीचा आवाज आला.

रिक्षा थांबल्याचा आवाज काकांनी वरून ऐकला होता. त्यांना वाटलं, सह्या झाल्या. मला हाकसुद्धा न मारता ते उठले, आणि पायरीवर बसून, रांगतं मूल उतरतं तसे, एकेक पायरी खाली सरकत तिन्ही मजले उतरले. शेवटच्या पायरीवर कठडा धरून उभे राहिले. पँट मागून पांढरी झालेली, कपाळावर घाम, आणि चेहऱ्यावर खांबावर चढून आल्यासारखं तेज. पायात बाहेर जायचे बूट.

"झालं?" त्यांनी विचारलं.

 मावशींनी तोंड फिरवलं. झालंचसमजा तर बसच्या मागेच गेला.

पुढे झाली ती सिस्टर. "हे कुणी सांगितलं होतं करायला?" ती काकांवर ओरडली. "बसा आधी! खुर्ची आणा कुणी तरी. पाय लांब करा. दुखतंय का इथे? इथे?" खुबा चाचपला, घोटा चाचपला. मग ती सरळ झाली आणि झालंचसमजाला शोधून म्हणाली, "या माणसाला परत वर चढवायचं म्हणता तुम्ही? नियमाने?"

तिने पर्स उघडली, चावी काढली आणि मावशींच्या हातात कोंबली.

"सिस्टर, अहो कागद..."

"कागद उद्या होतील. तुम्ही विचारलंत का आम्हाला, सही करताना? मग मला काय विचारता? घर धुवून ठेवलंय. गिझरचं बटण जरा दाबून धरावं लागतं."

मातीवालीने खिशातून आपली चावी काढून सिस्टरला दिली. दिली कसली, जवळजवळ फेकलीच, कारण तिला रडू येत होतं आणि ते दिसू द्यायचं नव्हतं. तिचा नवरा मात्र टक्क जागा होता. त्याने दोन्ही हात वर केले आणि बेकरीवाल्यांना आरोळी ठोकली, "उचला रे!"

मग जे सुरू झालं ते मी तरी आमच्या गल्लीत कधी बघितलं नव्हतं. बस निघाली, टेंपो निघाला, पावाची गाडी आली. एकीकडून पलंग बसमध्ये, दुसरीकडून चाक वर. माझ्या दारासमोरून मडकी चालली होती, एका हातातून दुसऱ्या हातात, तळापासून गच्चीपर्यंत माणसांची साखळी. मीही मध्ये उभी राहिले. झालंचसमजाचा कोट कुठे तरी गेला होता आणि डोक्यावर गादी आली होती. कोणी तरी विचारलं, "काय, झालं का?" तर गादीखालून आवाज आला, "होतंय हो, होतंय!" त्याचं हे नवं वाक्य ऐकून सगळा जिना हसला.

बसमध्ये पहिल्या सीटवर काका बसले होते. मावशींनी हॉर्न दिला, गरज नसताना, चांगला लांबलचक. सिस्टरच्या दाराशी, म्हणजे आता त्यांच्याच दाराशी, काका स्वतः उतरले. एक पायरी. काठी टेकली, पाय टाकला, आत. बस्स, एवढंच. मावशी दारात उभ्या राहून ते बघत होत्या, आणि मागे टेंपोवाला कपाट घेऊन ताटकळत होता. त्याला त्यांनी थांबवून ठेवलं. म्हणाल्या, "जरा दम धर. मी पण थांबलेय बरेच दिवस."

दुसऱ्या दिवशी सकाळी सिस्टीम आली. दोन्ही सह्या चहा थंड व्हायच्या आत झाल्या. कारकुनाने नेहमीचा प्रश्न विचारला, "जागेचा ताबा कधी देणार?" सिस्टर म्हणाली, "काल." त्याने मान वर केली आणि शिक्का मारला. बँकेच्या मुदतीतला तो शेवटचा दिवस होता.

आता माझ्या डोक्यावर चाक फिरतं. दुपारी त्याची हलकी घरघर ऐकत मला छान झोप लागते, आणि बेकरीवाला उरलेला पाव खाली आणून देतो. सिस्टर पाचव्या मजल्यावर कुणाची सूज न बघता वर्तमानपत्र वाचते. एक महिना वाचलं तिने. आता म्हणे लिफ्टमध्येच लोक हात पुढे करतात.

मावशींची कहाणी त्यांनीच मला परवा सांगितली. शाळा पुन्हा सुरू झाली होती. त्या दुपारी घरी आल्या तर दार उघडं आणि काका घरात नाहीत. पलंग रिकामा, मोरी रिकामी. "अगं, मी तर पलंगाखालीसुद्धा वाकून बघितलं," त्या म्हणाल्या. "म्हटलं पडले कुठे तरी." चपला न घालताच त्या रस्त्यावर धावल्या. शेजाऱ्याला विचारलं, फळवाल्याला विचारलं. फळवाल्याने शांतपणे कोपऱ्याकडे मान वळवली.

कोपऱ्यावर न्हाव्याचं दुकान होतं. काका आरशासमोर उंच खुर्चीत, गळ्यापर्यंत पांढरं कापड, तोंडाला फेस. न्हाव्याला रंगात येऊन सांगत होते, "दोन वर्षं बायकोने डोकं भादरलंय माझं. ती बस सरळ चालवते, कात्री नाही." बाकावर बसलेले दोघे खो खो हसत होते.

मावशी दारात उभ्या राहिल्या. धाप लागलेली, अनवाणी. भरपूर रागवायचं ठरवून आल्या होत्या. काकांना त्या आरशात दिसल्या. त्यांनी फेसातूनच हात हलवला.

"तू हो पुढे," ते म्हणाले. "मी येतो."

आणि मावशी खरंच पुढे झाल्या.